राजमाचीच्या वाटेवरचा ‘रानवाटाणा’ नेमका कोणता? ओळख पटवण्यासाठी मदत हवी

माळरान | १६ सप्टेंबर

नमस्कार. गेल्या रविवारी लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला पायी जाताना, जंगल संपून वाट गवताळ उतारावर बाहेर येते तिथे एक रोप दिसले आणि त्याच्यापाशी माझा जवळजवळ पाऊण तास गेला. उतारावर कारवीच्या कडेने अशी वीस-पंचवीस रोपे होती. बहुतेक रोपे माझ्या कंबरेपेक्षा उंच होती आणि कशाचाही आधार न घेता सरळ उभी होती. फुले पिवळी होती आणि त्यांची ठेवण वाटाण्याच्या किंवा तुरीच्या फुलासारखी, म्हणजे वर एक मोठी पाकळी, दोन बाजूंना दोन आणि खाली नावेसारखी मिटलेली जोडी, अशी होती. लांब दांडीच्या टोकाला ही फुले दाटीने आलेली होती.

मला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकले ते पानाच्या देठाच्या बुडाशी असलेल्या पानासारख्या दोन हिरव्या अवयवांनी. आमच्या घरी परसात दरवर्षी वाटाणा लावतात, आणि वाटाण्याच्या वेलीला प्रत्येक पेरावर खोडाला बिलगलेली अशीच मोठी जोडी असते. त्यामुळे मी माझ्या वहीत ‘रानवाटाणा’ अशी नोंद केली. सोबतच्या मित्राचे मात्र ठाम म्हणणे आहे की हा वाटाणा नसून मुगाचा कुठलातरी भाऊबंद आहे, कारण प्रत्येक देठावर तीनच पाने आहेत.

पाच छायाचित्रे जोडली आहेत. रोप उपटलेले नाही आणि फूलही तोडलेले नाही. जाणकारांनी कृपया ओळख सांगावी, आणि केवळ नाव न सांगता ते कशावरून ठरवले हेही सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी मला स्वतःला पाहता येईल.

गवतफूल | १६ सप्टेंबर

छायाचित्रे सुंदर आली आहेत. मला ही वनस्पती लॅथिरस अफाका वाटते. माझे माहेर वर्धा जिल्ह्यातले, आणि तिथे गव्हाच्या शेतात हे तण थंडीत हमखास दिसते. त्याचे फूल पिवळेच असते आणि पेरावर पानासारखी मोठी जोडी असते. तुम्ही वर्णन केलेल्या दोन्ही खुणा जुळतात. ते वाटाण्याच्या जवळच्या नात्यातले असल्यामुळे तुम्ही दिलेले ‘रानवाटाणा’ हे नावही मला चुकीचे वाटत नाही.

कृष्णाकाठ | १७ सप्टेंबर

माळरान, तुम्ही ‘कशावरून’ हा प्रश्न विचारलात याचा मनापासून आनंद झाला. मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि विद्यार्थी नाव लिहून घेतात पण खूण लिहून घेत नाहीत, ही खंत मला कायम राहिली. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पेरावर पानाच्या देठाच्या दोन्ही बाजूंना जे अवयव दिसतात त्यांना उपपर्णे म्हणतात. ती मोठी आणि पानासारखी असणे ही वाटाण्याची ठळक खूण आहे हे खरे. परंतु ती एकट्या वाटाण्याची मालमत्ता नाही. शिंबावंत कुलात, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुलात, मोठी उपपर्णे एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या अनेक वनस्पतींना आलेली आहेत. त्यामुळे या एका खुणेवर गट ठरवता येत नाही. गट ठरवण्यासाठी पान मोजावे लागते.

वाटाणा, लाख (लाखोळी डाळ), मसूर ही मंडळी एका गटातली आहेत. त्यांच्या पानात पर्णिका, म्हणजे एकाच देठावर येणारे पानाचे सुटे भाग, जोडीजोडीने असतात, आणि शेवटी एकटी पर्णिका येण्याऐवजी बहुधा ताणा येतो. त्या ताण्यानेच वेल आधार धरते. मूग, उडीद, तूर, घेवडा, वाल यांच्या गटात मात्र पान त्रिदल असते: दोन पर्णिका समोरासमोर आणि तिसरी टोकाला, थोड्या लांब देठावर. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात ती तिसरी पर्णिका आणि तिचा लांब देठ स्पष्ट दिसतो आहे. ताणा कुठेही दिसत नाही. तुमच्या मित्राने तीन पाने मोजली, आणि त्या मोजणीतच अर्धी ओळख झालेली आहे.

गवतफूल यांनी सुचवलेली लॅथिरस अफाका ही फार विचारपूर्वक केलेली सूचना आहे, कारण पिवळे फूल आणि पानासारखी उपपर्णे या दोन्ही गोष्टी तिच्यात खरोखरच आहेत. मात्र वाढलेल्या अफाकाला पर्णिका नसतातच. पानाचा नुसता ताणा होऊन राहतो, आणि पानाचे सारे काम त्या दोन उपपर्णांकडे येते. तुमच्या रोपाला तर तळहाताएवढ्या तीन-तीन पर्णिका आहेत. शिवाय अफाका हे रब्बीच्या शेतातले नाजूक, लोळणारे तण आहे. भर पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर कंबरेएवढे ताठ उभे राहणे हा त्याचा स्वभाव नाही.

एक गोष्ट सावधगिरी म्हणून सांगतो. ‘ताणा नाही, म्हणजे वाटाण्याच्या गटातले नाही’ एवढ्यावरही थांबू नये. कॉकेशस, तुर्कस्तान आणि इराणच्या उंच डोंगरांत, दगडगोट्यांच्या घसरत्या उतारांवर व्हॅव्हिलोव्हिया फॉर्मोसा नावाची एक बहुवर्षायू वनस्पती वाढते. ती वाटाण्याची सख्खी नातलग मानली जाते, आणि रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्या नावावरून तिच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, नाव दिलेले आहे. तिच्या पानाला वेल चढेल असा ताणा नसतो. परंतु पर्णिका जोडीनेच असतात, आणि तिचे नाते तिथेच उघड होते. म्हणून ताण्यापेक्षा पर्णिकांच्या मोजणीवर अधिक विसंबावे.

आता मला चार गोष्टी सांगा. रोपाचे शेंडे कशाला वेढे घालतात का? पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर, तेलकट ठिपके दिसतात का? फुलातली खालची नाव सरळ आहे की एका बाजूला वळलेली? आणि शेंगा धरल्या आहेत का?

हिमवाट | १७ सप्टेंबर

मी नोकरीनिमित्त काही वर्षे कुलू भागात राहिलो आहे. तिथल्या डोंगरउतारांवर आणि देवदाराच्या जंगलाच्या कडेला लॅथिरस आणि व्हिसिया या प्रजातींच्या रानवेली मी पाहिलेल्या आहेत, आणि कृष्णाकाठ यांनी सांगितलेली जोडीजोडीची पाने आणि टोकाचा ताणा त्या वेलींवर अगदी स्पष्ट दिसतो; गवताच्या काडीला ताण्याचा वेढा बसलेला असतो. माळरान यांच्या छायाचित्रातले रोप त्या मंडळींसारखे मुळीच दिसत नाही. वाटाण्याच्या गटाला थंड हवा मानवते, आणि म्हणून मैदानात ती पिके हिवाळ्यात घेतली जातात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माळरान | १८ सप्टेंबर

सर्वांचे आभार. कृष्णाकाठ सर, तुमच्या चार प्रश्नांपैकी मला एकाचेच खात्रीने उत्तर देता येते: शेंडे कशालाही वेढे घालत नव्हते. शेजारी कारवीच्या काठ्या होत्या, तरीही एकही शेंडा तिकडे वळलेला नव्हता. पानाची खालची बाजू मी पाहिली नाही. पाऊण तास त्या रोपापाशी बसून पान उलटून पाहण्याचे सुचले नाही, याचे फार वाईट वाटते. फुलाची छायाचित्रे मोठी करून पाहिली, पण खालची नाव पंखपाकळ्यांआड झाकलेली आहे. शेंगा अजून धरलेल्या नव्हत्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा जाणार आहे.

मावळमाती | १८ सप्टेंबर

ही चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. माझे आजोळ मावळातले. आजी उतारावरच्या अशाच एका झाडाला ‘रानमूग’ म्हणत असे, आणि तिच्या सांगण्याप्रमाणे ज्या वर्षी भात नीट पिकत नसे त्या वर्षी आश्विनानंतर बायका त्याच्या शेंगा गोळा करायला जात. पहाटे, दव असतानाच जावे लागे, असे ती नेहमी सांगे. कारण ऊन चढले की वाळलेल्या शेंगा हात लावताच तडकन फुटत आणि दाणे गवतात उडून जात. आणलेल्या शेंगा सुपात पसरून वर फडके टाकत, म्हणजे फुटल्या तरी दाणे फडक्याखालीच राहत. मग ते दाणे रात्रभर भिजवून, पहिले पाणी ओतून देऊन, दुसऱ्या पाण्यात बराच वेळ शिजवत.

हे मी स्वतः पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. तसेच आजीचा रानमूग आणि माळरान यांचे रोप एकच आहे असा दावाही मी करत नाही. मात्र ते झाड ‘वेल नव्हे, झाड’ होते आणि उभ्या माणसाच्या हाताला शेंगा येत, हे तिचे शब्द मला नक्की आठवतात.

शिवार | १९ सप्टेंबर

मी कडधान्यांच्या रानटी नातलगांवर काम करतो, त्यामुळे हा धागा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. मावळमाती यांनी दिलेली आठवण मौल्यवान आहे, आणि ‘वेल नव्हे, झाड’ हे तीन शब्द तर ओळखीच्या दृष्टीने फार कामाचे आहेत.

अडचण अशी की ‘रानमूग’ हे नाव आपल्याकडे एका जातीचे नाही. डोंगरात मुगासारखी दिसणारी जी जी वनस्पती असेल तिला लोक हे नाव देतात, आणि सह्याद्रीत अशा वनस्पती बऱ्याच आहेत. म्हणून एकेक शक्यता घेऊन ती का ठेवायची किंवा का सोडायची ते पाहू.

पहिली शक्यता रानतुरीची. कृष्णाकाठ सरांनी पानाखालच्या ठिपक्यांबद्दल विचारले ते याचसाठी. तुरीच्या प्रजातीत, म्हणजे कजॅनसमध्ये, पानाच्या खालच्या बाजूला राळेचे बारीक पिवळसर ठिपके असतात, आणि शेंगेवर दोन दाण्यांच्या मध्ये आडवी खाच पडलेली असते. परसातल्या तुरीची शेंग हातात घेतली तर ही खाच बोटाला लागते. आपल्या डोंगरांत कजॅनस स्कॅराबिऑइडिस ही वेढे घेणारी लवदार वेल सर्वत्र आढळते, आणि कजॅनस सेरिसियस, कजॅनस लिनिएटस ही झुडपे आहेत. या झुडपांचे खोड काष्ठमय असते. छायाचित्रातले खोड मात्र हिरवे आणि रसाळ दिसते. शिवाय इतकी मोठी उपपर्णे रानतुरीला नसतात. ही शक्यता मी बरीच मागे ठेवतो, पण पान उलटून पाहिल्याशिवाय पूर्ण सोडत नाही.

दुसरी शक्यता मुगाच्या आणि उडदाच्या थेट रानटी पूर्वजांची. मुगाचा पूर्वज व्हिग्ना रेडिएटाचा सबलोबाटा हा प्रकार, आणि उडदाचा पूर्वज व्हिग्ना मुंगोचा सिल्व्हेस्ट्रिस हा प्रकार. दोन्ही आपल्या घाटात आहेत, आणि पुष्कळ वर्षे दोघांची गल्लत होत आली; उडदाच्या पूर्वजाला स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली. दोघांच्याही शेंगा लवदार असतात. उडदाच्या बाजूची शेंग दांडीवर उभी राहते आणि तिच्यावरचे केस लांब असतात. मुगाच्या बाजूची शेंग आडवी किंवा खाली झुकलेली असते आणि लव आखूड असते. दाण्याचा डोळा पाहिला तर फरक आणखी पक्का होतो, कारण उडदाचा डोळा उंचावलेला असतो आणि मुगाचा दाण्याच्या पातळीत सपाट असतो. घरातले अख्खे मूग आणि अख्खे उडीद शेजारी ठेवून भिंगातून पाहिले तर कोणालाही हे दिसेल. परंतु हे दोन्ही रानटी प्रकार गवतातून सरपटतात आणि त्यांचे शेंडे वेढे घेतात. त्यांची उपपर्णेही लहान, जेमतेम नखाएवढी असतात.

तिसरी शक्यता हलुंद्याची, म्हणजे व्हिग्ना व्हेक्सिलाटाची; पण ती कंद धरणारी वेल आहे आणि तिचे फूल गुलाबी-जांभळे असते, त्यामुळे ती इथेच बाद होते.

उरते ती व्हिग्ना खंडालेन्सिस. ताठ उभी वाढ, वेढे न घेणारे शेंडे, मोठ्या पर्णिका, पानासारखी उपपर्णे, पिवळ्या फुलांचे दाट झुबके आणि खंडाळ्याच्या शेजारचा उतार, इतक्या गोष्टी तिच्याकडे बोट दाखवतात. तरीही मी छायाचित्रावरून नाव पक्के करणार नाही. उत्तर सह्याद्रीतल्या या प्रजातीची गणती अजून चालूच आहे. व्हिग्ना इंडिका २०११ साली आणि व्हिग्ना सह्याद्रियाना २०१२ साली शास्त्राला नव्याने कळली. त्यानंतर व्हिग्ना यादवी या जातीचे वर्णन झाले, आणि तिला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव यांचे नाव दिले गेले. तिची काही फुले जमिनीखालीच न उमलता शेंग धरतात. ज्या डोंगरांत शंभर-दीडशे वर्षे लोक वनस्पती गोळा करत आहेत, तिथे अशी जात आपल्या काळापर्यंत नजरेआड राहू शकते, तर आपण घाई न केलेली बरी.

माळरान, दुसऱ्या भेटीत एक फूल आणि शक्य असल्यास एक शेंग एवढेच घ्या. फूल तिथेच उघडून पाहा, कारण या पाकळ्या पिशवीत तासाभरात मलूल होतात.

माळरान | ६ ऑक्टोबर

काल पुन्हा जाऊन आलो. पाऊस उघडला होता आणि गवत कडेने पिवळे पडू लागले होते, त्यामुळे रोपे लांबूनच दिसली. या वेळी मोजपट्टी, भिंग आणि वही घेऊन गेलो होतो. जसे पाहिले तसे लिहितो.

सर्वांत आधी पान उलटले. खालच्या बाजूला शिरा ठसठशीत उठलेल्या आहेत, पण तेलकट ठिपका एकही नाही. भिंगातून तीन वेगवेगळ्या रोपांची पाने पाहिली. उपपर्णे माझ्या अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा किंचित मोठी भरली, आणि त्यांना पानासारख्याच शिरा आहेत. कोवळ्या शेंड्यावर तर ती इतकी दाट असतात की पुढचे पान त्यांच्या आत, ओंजळीत धरल्यासारखे मिटलेले असते. मला वाटाण्याची आठवण का झाली होती ते या वेळी नीट कळले. परसातल्या वाटाण्याचा शेंडाही असाच उघडतो.

मग एक फूल घेतले. वरची मोठी पाकळी मागे वळवली आणि दोन्ही पंख अलगद काढले. खालची नाव सरळ नाही. ती वर वळून एका बाजूला कलंडलेली आहे, आणि तिच्या डाव्या अंगाला एक छोटा टोकदार फुगवटा आहे, वासराला शिंग फुटताना दिसतो तसा. पंख काढेपर्यंत हा फुगवटा दिसतच नाही. मी फूल उघडत असताना शेजारच्या झुबक्यावर एक मोठी काळी भुंग्यासारखी माशी उतरली. तिच्या वजनाने पंख खाली दबले आणि नावेच्या टोकातून पिवळा धागा बाहेर आला. माशी उडताच पंख पुन्हा पूर्ववत झाले.

शेंगा धरल्या आहेत. त्या गोल, बारीक कांडीसारख्या आहेत, चपट्या नाहीत. एका दांडीच्या टोकाला पाच-सहा शेंगा एकत्र आहेत. दाण्यांच्या मध्ये आडवी खाच नाही. अजून हिरव्या असल्यामुळे मी एकही तोडली नाही.

कृष्णाकाठ | ७ ऑक्टोबर

माळरान, तुमची ही नोंद मी दोनदा वाचली. नावेच्या डाव्या अंगावरचा जो फुगवटा तुम्ही पाहिलात, त्याच्यावरूनच मूग-उडदाच्या आशियाई गटाला सेराटोट्रोपिस हे नाव मिळालेले आहे. ग्रीक भाषेत ‘केरास’ म्हणजे शिंग आणि ‘ट्रोपिस’ म्हणजे नावेचा तळ. तुम्ही नकळत वासराच्या शिंगाची उपमा दिलीत, आणि नाव देणाऱ्यालाही तेच दिसले होते. ठिपके नाहीत आणि शेंगेवर खाच नाही, म्हणजे रानतूर बाद झाली. शेंडे वेढे घेत नाहीत आणि उपपर्णे पेराएवढी आहेत, म्हणजे मुगाचे व उडदाचे पूर्वजही बाद झाले. सर्व खुणा एकत्र घेता ही व्हिग्ना खंडालेन्सिस आहे, असे मी आता विश्वासाने म्हणतो.

या नावामागचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो याच डोंगरांचा आहे. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक आणि दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन आणि त्यांचे सहकारी निकोल डाल्झेल यांनी १८६१ साली इलाख्यातल्या वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यात या वनस्पतीला फॅसिओलस ग्रँडिस, म्हणजे ‘थोर घेवडा’, असे नाव दिले. तिची उंची पाहता ते शोभणारेच होते. परंतु तेच नाव आधी दुसऱ्या एका वनस्पतीला दिले गेले होते, आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे एक नाव दोन जातींना चालत नाही. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि त्यांनी या जातीला खंडाळ्याचे नाव दिले. आशियातल्या मूग-उडदाच्या मंडळींना फॅसिओलसमधून काढून व्हिग्नामध्ये हलवले गेले तेव्हा हिचेही घर बदलले. राजमा मात्र फॅसिओलसमध्येच राहिला, कारण तो मूळचा अमेरिकेतला. जुन्या पुस्तकांत मूगही फॅसिओलस ऑरियस या नावाने सापडतो. त्या दोन नावांनी गोंधळून जाऊ नये.

एवढे लिहूनही एक विनंती करतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि आघारकर संशोधन संस्थाही आहे. दोन्हीकडे वाळवून जपलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. परवानगी घेऊन तिथल्या नमुन्यांशी तुमची मोजमापे ताडून पाहा. माझे डोळे तुमच्या छायाचित्रांवर अवलंबून आहेत, आणि छायाचित्राला पान उलटता येत नाही.

गवतफूल | ७ ऑक्टोबर

माझी सूचना चुकली, पण ती का चुकली हे इतक्या स्पष्टपणे कळले याचे समाधान आहे. काल मी भाजीवालीकडून पाल्यासकट वाटाणा आणून पर्णिका मोजल्या. जोड्याच आहेत आणि टोकाला ताणा आहे.

एक विचारते. मावळमाती यांच्या आजींप्रमाणे हे दाणे खाता येतात का? आणि थोडे दाणे आणून आपल्या बागेत लावले तर ही जात वाचवायला मदत होईल का?

शिवार | ८ ऑक्टोबर

गवतफूल, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि दोन्हींचे उत्तर मी स्पष्ट शब्दांत देतो.

टंचाईच्या काळात हे दाणे खाल्ले गेले आहेत हे खरे. मात्र खाणाऱ्यांना रोप पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, कोणती शेंग घ्यायची आणि कोणती नाही हे त्यांना कोणी शिकवलेले होते, आणि पहिले पाणी ओतून देण्याची रीत त्यांच्याकडे होती. छायाचित्र पाहून ओळखलेल्या शेंगेवर हा भरवसा ठेवता येत नाही. याच शिंबावंत कुलात गुंज आहे, जिच्या दाण्यातले विष जीवघेणे असते. याच कुलात लाख आहे. ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायातले बळ जाते, आणि दुष्काळात अनेक गरीब कुटुंबांनी ते भोगले आहे. म्हणून ओळखीची चाचणी कोणीही चव घेऊन करू नये.

बागेत लावण्याबद्दल सांगायचे तर हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होऊ शकतो. ही वर्षायू वनस्पती आहे. पाऊस संपला की संपूर्ण रोप वाळून जाते आणि पुढच्या पावसाळ्यात जे उगवते ते केवळ जमिनीवर पडलेल्या दाण्यांतून. वीस-पंचवीस रोपांच्या जागेवरून चार जणांनी मूठमूठ दाणे आणले, तर त्या उतारावर पुढच्या वर्षी काय उगवणार? ही जात मुख्यतः महाराष्ट्रातल्या सह्याद्रीपुरती आहे, हे विसरून चालणार नाही. कडधान्यांच्या रानटी नातलगांचे बी जपण्याचे काम राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरो करतो आणि त्याचे एक केंद्र अकोल्याला आहे. तिथे बियाण्याबरोबर जागा, उंची, माती आणि रोपांची संख्या यांची नोंद ठेवली जाते. नोंदीशिवाय कुंडीत वाढलेले रोप पैदासकाराच्या फारसे उपयोगाचे नसते.

तुरीचे उदाहरण देतो. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पाटणचेरू येथील शास्त्रज्ञांनी ओडिशा-बस्तर भागातल्या कजॅनस कजॅनिफोलियस या रानतुरीच्या साहाय्याने नर-वंध्य, म्हणजे परागकण न धरणारे, वाण तयार केले, आणि त्यातून तुरीचे संकरित बियाणे शक्य झाले. ती रानतूर वेळेवर ओळखली गेली आणि तिचे बी नोंदीसह जपले गेले होते म्हणूनच हे घडले. मुगाच्या या उंच भावंडाकडे कोणता गुण दडलेला आहे हे आज सांगता येत नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ती आपल्या जागेवर टिकली पाहिजे.

मावळमाती | ८ ऑक्टोबर

शिवार यांचे म्हणणे मनाला पटले. त्यात एक भर घालते. आमच्या भागात गवत कापायला दसऱ्यानंतर सुरुवात होते. कापणी लवकर झाली तर शेंगा हिरव्या असतानाच रोप विळ्याखाली येते. आजोळी उतारावरचे गवत शेवटी कापत आणि सपाटीवरचे आधी. त्यामागे रानमुगाचा विचार होता की केवळ सोय होती, हे आता विचारायला कोणी राहिले नाही. परंतु पुढच्या वेळी माळरान तिकडे जातील तेव्हा त्या उतारावर गवत कधी कापतात हे गावात जरूर विचारावे, असे मला वाटते.

माळरान | २९ नोव्हेंबर

उशिरा लिहितो आहे, याबद्दल क्षमस्व. कृष्णाकाठ सरांच्या सांगण्याप्रमाणे परवानगी घेऊन पुण्यातील एका संग्रहात नमुने पाहिले. जाड कागदावर शिवलेली, तपकिरी पडलेली ती पाने आणि माझ्या वहीतली मोजमापे शेजारी ठेवली. उपपर्णांचा आकार, पर्णिकांची रुंदी आणि शेंगांचा झुबका या तिन्ही गोष्टी जुळल्या. तिथल्या अभ्यासकांनीही माझी छायाचित्रे पाहून व्हिग्ना खंडालेन्सिस हेच नाव सांगितले. वहीतल्या ‘रानवाटाणा’ या नोंदीवर मी रेघ मारलेली नाही. तिच्याखाली नवे नाव, तारीख आणि चारही खुणा लिहिल्या आहेत.

गेल्या शनिवारी राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत गेलो होतो. मावळमाती यांचा प्रश्न मी तिथे एका आजीबाईंना विचारला. त्या उतारावरचे गवत दिवाळीनंतरच कापतात, कारण तिथे ओल जास्त दिवस राहते आणि आधी कापलेले गवत कुजते, असे त्यांनी सांगितले. परतताना त्या जागी थांबलो. गवत कापून झाले होते आणि रोपांचे वाळके खुंट तेवढे शिल्लक होते. खाली पडलेल्या काळपट शेंगा उघडून त्यांची दोन्ही टरफले मळसूत्रासारखी पिळवटली होती. दहा-बारा शेंगा उचलून पाहिल्या. सर्व रिकाम्या होत्या. एका खुंटाच्या बुडाशी ओल्या मातीत अर्धवट रुतलेला एक दाणा दिसला, तो तिथेच ठेवला आणि जागेची खूण वहीत करून घेतली. जूनच्या शेवटी पुन्हा जाऊन उगवण कशी आहे ते इथेच लिहीन.